हवेतले पाणी : किती, कुठे आणि कुणासाठी?

हरभरा घाट्यात आला की मराठवाडा-विदर्भातली जुनी मंडळी रात्री पिकावर धुतलेले सुती फडके पसरून ठेवत. पहाटे ते दवाने ओलेचिंब झालेले असे. ते पिळायचे आणि निघालेले आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचे. हीच हरभऱ्याची आंब. पोट दुखले, जेवण जड झाले की चमचाभर आंब पाण्यातून दिली जाई. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते, ते दवात विरघळते आणि फडक्यात उतरते, एवढेच यामागचे रसायन. (ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी या आंबेच्या वाटेला न गेलेले बरे. ऑक्झॅलेटचे खडे व्हायला आणखी निमित्त नको.)

आंब काढणाऱ्याला आम्ल हवे असे, पाणी नव्हे. पण आकाशात ढगाचा ठिपका नसताना, पाऊस जाऊन तीन महिने झालेले असताना फडके पिळून पाणी निघते, ही गोष्ट त्यात होतीच. आता हेच काम यंत्रे करू लागली आहेत. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या काही स्थानकांवर हवेतून पाणी काढणारी यंत्रे बसली, त्यांना 'मेघदूत' असे नाव मिळाले. कार्यालये, रुग्णालये, शाळा यांना अशा यंत्रांच्या जाहिराती येतात. 'नळ नको, बोअर नको, हवेतून शुद्ध पाणी' असे त्यात लिहिलेले असते. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या राज्यात असे वाक्य वाचून कुणाचेही कान टवकारतील. म्हणून त्यातले खरे किती, ते नीट पाहायला हवे.

मुळात हवेत पाणी असते किती?

हवा जितकी गरम, तितकी ती जास्त वाफ धरून ठेवू शकते. एक घनमीटर हवा १० अंश सेल्सियसला जेमतेम साडेनऊ ग्रॅम वाफ धरते, ३० अंशाला ३० ग्रॅम आणि ४० अंशाला ५० ग्रॅमच्या आसपास. हवामान खाते सांगते ती आर्द्रतेची टक्केवारी म्हणजे या क्षमतेच्या किती टक्के वाफ हवेत प्रत्यक्ष आहे, तो आकडा. हवा थंड करत नेली की एका टप्प्यावर तिची क्षमता तिच्यातल्या वाफेइतकीच उरते. तो दवबिंदू. त्याच्याही खाली गेले की जास्तीची वाफ पाणी होऊन जवळच्या गार पृष्ठभागावर बसते. माठ, बर्फाच्या पाण्याचा पेला, गवताचे पाते या सगळ्यांवर तेच होते.

आता मे महिन्यातली मुंबईची दुपार घ्या. तापमान ३३ अंश, आर्द्रता ६५ टक्के. म्हणजे घनमीटरला साधारण २३ ग्रॅम वाफ. ही हवा १० अंशांपर्यंत गार केली तर १३-१४ ग्रॅम पाणी हाती लागते. एक लिटर पाण्यासाठी ७० ते ७५ घनमीटर हवा यंत्रातून जायला हवी, म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या अडीच खोल्यांतली सगळी हवा. पंखा लावला की हे काही मिनिटांचे काम आहे.

त्याच दुपारी मराठवाड्यात तापमान ४१ अंश आणि आर्द्रता १५ ते २० टक्के असू शकते. वाफ घनमीटरला फक्त ८ ते ११ ग्रॅम. ही हवा पार ५ अंशांपर्यंत गार केली तरी तिच्यात पावणेसात ग्रॅम वाफ उरतेच. सुटते ती एक ते चार ग्रॅम. एका लिटरसाठी नऊपासून पंचवीसेक खोल्यांतली हवा गार करावी लागेल, तीही ४१ वरून ५ अंशांपर्यंत. शिवाय इतक्या थंडीत कॉइलवर बर्फ धरू लागतो, तो वितळवण्यात वेळ आणि वीज जाते ती वेगळीच. जिथे घशाला सर्वांत जास्त कोरड पडते तिथली हवाही कोरडीच असते, ही या तंत्राची मोठी अडचण आहे. विक्रेत्यांच्या पत्रकात 'दिवसाला ५०० लिटर' असे ठळक छापलेले असते. ते बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून काढलेले असते. पत्रकातली बारीक अक्षरे वाचली तर ही अट सापडते.

कोकणची गोष्ट वेगळी आहे. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्या दगडाच्या सड्यावरच्या कित्येक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो आणि तेव्हा हवा मात्र घामाने अंग चिकट करणारी असते. यंत्राच्या दृष्टीने हा उत्तम प्रदेश. प्रश्न उरतो तो विजेचा.

विजेचा हिशेब

एक लिटर वाफेचे पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता बाहेर पडते. ही उष्णता कॉम्प्रेसरने बाहेर ढकलावी लागते. चांगला कॉम्प्रेसर एक युनिट वीज खाऊन तीन-चार युनिट उष्णता हलवतो, त्यामुळे प्रत्यक्ष वीज कमी लागते. पण वाफेबरोबर हवाही गार करावी लागते, ती उगाच. दमट हवेत चांगले यंत्र लिटरमागे ०.३ ते ०.५ युनिट घेते. हवा कोरडी झाली की हा आकडा एकच्याही पुढे जातो. तुलनेसाठी, समुद्राचे पाणी गोडे करणारे आधुनिक प्रकल्प १००० लिटरला तीन-चार युनिट घेतात. म्हणजे खारे पाणी गोडे करण्यापेक्षा हवेतून पाणी काढायला शंभरपट किंवा त्याहून जास्त वीज लागते. एका टँकरचे १०,००० लिटर पाणी हवेतून काढायचे तर चार-पाच हजार युनिट जळतील. घरगुती वापरासाठी, जनावरांसाठी, शेतीसाठी हे पाणी परवडेल असे कुणी सांगत असेल तर त्याला हा गुणाकार करून दाखवावा.

गंमत अशी की हे यंत्र मुळात पाण्यासाठी जन्मलेच नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण अमेरिकी अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा काढून टाकणारी व्यवस्था आखली. दमट हवेत कागद फुगत होता आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नव्हते. आजच्या वातानुकूलनाचा उगम तो. त्यात गोळा होणारे पाणी म्हणजे टाकाऊ माल. आता तोच टाकाऊ माल बाटलीत भरून विकण्याचे दिवस आले.

विजेशिवाय : धुके आणि दव

वीज न वापरता हवेतून पाणी घेण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत चिलीतल्या चुंगुंगोची हकिगत सर्वांत शिकण्यासारखी आहे. साडेतीनशे वस्तीचे हे मच्छीमारांचे गाव अटाकामा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, प्रशांत महासागराच्या काठी आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम काही सेंटिमीटर. पाणी ट्रकने यायचे, माणशी दिवसाला १४ लिटरच्या आसपास आणि तेही महाग. गावाच्या मागे एल टोफो नावाचा डोंगर आहे, त्यावर बंद पडलेली लोखंडाची खाण. समुद्रावरून येणारे दाट धुके या डोंगराला धडकते. चिलीतले संशोधक आणि कॅनडाचे शास्त्रज्ञ रॉबर्ट शेमेनॉवर यांनी कॅनडाच्या मदतीने १९८७ पासून तिथे जाळी उभारायला सुरुवात केली. प्रत्येक जाळी १२ मीटर लांब, ४ मीटर उंच. शेतात सावलीसाठी वापरतात तसलीच प्लॅस्टिकची, दुहेरी. धुक्याचे थेंब वाऱ्याबरोबर येतात, धाग्यांना चिकटतात, मोठे होतात आणि खालच्या पन्हळीत ओघळतात. इथे काही गार करावे लागत नाही, कारण धुके म्हणजे पाणीच असते, फक्त फार बारीक थेंबांचे. चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी तीन लिटर पाणी मिळे. १९९२ मध्ये डोंगरावरून नळ गावात आला आणि माणशी पाणी ३०-३३ लिटरवर गेले. लोकांनी परसात भाजीपाला लावला. गाव सोडून गेलेली माणसे परत आली आणि वस्ती वाढली.

आणि तिथेच घोडे पेंड खायला लागले. वाढलेल्या वस्तीला तेवढे पाणी पुरेना. धुके काही मागणीप्रमाणे येत नाही. वाऱ्याने जाळ्या फाटत होत्या, त्या शिवायला डोंगर चढून जाणार कोण, यावर एकमत होईना. गावाला आता 'खरी' पाइपलाइन हवी होती. २००० नंतरच्या काही वर्षांत जाळ्या मोडकळीला आल्या आणि पुन्हा ट्रकचे पाणी सुरू झाले. तंत्र फसले नव्हते. जाळी कुणाची, दोरी कुणी बांधायची, फाटली तर पैसे कुणी द्यायचे, हे ठरलेले नव्हते. आपल्याकडे बंद पडलेल्या नळयोजना आणि गंजलेले हातपंप पाहिलेल्या कुणालाही यात नवे काही वाटणार नाही.

मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला बूतमेझ्गिदा डोंगरावर 'दार सी हमाद' या संस्थेने हा धडा घेतलेला दिसतो. २०१५ मध्ये तिथल्या पाच गावांतल्या सुमारे चारशे लोकांपर्यंत धुक्याचे पाणी नळाने पोचले. वाऱ्यात न फाटणाऱ्या नव्या जाळ्या जर्मन अभियंत्याने बनवल्या. त्याआधी बायकांचे दिवसाचे तीन-साडेतीन तास पाणी आणण्यात जात. पाणी ही तिथे पूर्वापार बायकांची जबाबदारी, म्हणून नवी व्यवस्था आखताना त्यांना बाजूला सारले नाही. नळाला पाणी आले नाही तर मोबाइलवरून कसे कळवायचे, हे त्यांना शिकवले. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक पुरस्कार मिळाला.

मग आपल्या सह्याद्रीत जाळ्या का लावू नयेत? आंबोली, महाबळेश्वरला धुके काही कमी नसते. पण ते प्रामुख्याने पावसाळ्यात, म्हणजे पाणी धो धो कोसळत असतानाच. मार्च ते मे या टंचाईच्या दिवसांत डोंगरमाथे उघडे आणि कोरडे असतात. चिलीचे धुके बिनपावसाच्या प्रदेशात येते, म्हणून ते मोलाचे.

दवाचा प्रयोग मात्र शेजारी गुजरातेत झालेला आहे. कच्छच्या किनारपट्टीत पावसाळा संपल्यावर रात्री भरपूर दव पडते. अहमदाबादच्या आयआयएममधील प्रा. गिरजा शरण यांनी कोठारा गावात छपरावर रात्री जमणारे दव पन्हळीने गोळा करून मोजले. पुढे पानंध्रो इथे जमिनीवर उतरत्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांचा सुमारे साडेआठशे चौरस मीटरचा दवसंकलक उभा राहिला. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गार होतो, तेवढ्यावर दव जमते. वीज शून्य. पण निसर्गाची मर्यादाही कडक आहे. आदर्श परिस्थितीतही रात्रीत चौरस मीटरला पाऊण लिटरच्या पुढे दव मिळू शकत नाही. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी भाग्य. पिण्यापुरता आधार, एवढाच त्याचा अर्थ.

नोबेल आणि शंभर ग्रॅम

गेल्या काही वर्षांत चर्चा आहे ती तिसऱ्या वाटेची. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळीदार रचनांसाठी मिळाले. या पदार्थांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मॉफ' म्हणतात. साखरेसारख्या दिसणाऱ्या या भुकटीच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांची आतली भिंत पसरली तर हजारो चौरस मीटर भरू शकते. रात्रीच्या गारव्यात ती हवेतली वाफ धरून ठेवते, दिवसा उन्हात तापली की सोडते. २० टक्के आर्द्रतेतही ती काम करते, हे महत्त्वाचे. याघी यांचे बालपण जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात गेले. नळाला पाणी आठवड्या-पंधरवड्यातून काही तास येई. लातूर-जालन्याच्या वाचकाला हे बालपण परके वाटायचे कारण नाही.

२०१७ मध्ये याघी आणि एमआयटीच्या एव्हलिन वांग यांच्या गटाने एक किलो मॉफमागे दिवसाला २.८ लिटर पाणी शक्य आहे असा अंदाज मांडला, आणि तोच आकडा जगभरच्या बातम्यांत झळकला. पुढच्याच वर्षी ॲरिझोनाच्या वाळवंटात केवळ ऊन आणि नैसर्गिक गारव्यावर प्रत्यक्ष चाचणी झाली, तेव्हा एका दिवस-रात्रीत किलोमागे १०० ग्रॅम पाणी मिळाले. म्हणजे अर्धा पेला. संशोधनाच्या दृष्टीने हा विजयच होता, आणि त्यानंतर पदार्थही सुधारले आहेत. पण प्रयोगशाळेतला आकडा आणि वाळवंटातला आकडा यांतले अंतर लक्षात ठेवावे. नवीन औषधांच्या बाबतीतही हेच होते. परीक्षानळीतल्या यशाची बातमी मोठी येते आणि रुग्णापर्यंत पोचताना त्यातले बरेच गळते.

हे पाणी पिण्यालायक असते का?

यंत्र चांगले आणि निगा नीट असेल तर, हो. वाफेबरोबर क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक येत नाही. हा खरा फायदा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. त्याहून जास्त वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि मोठेपणी सांधे, पाठीचा कणा ताठरतो. झालेली हानी औषधाने भरून येत नाही. पाणी बदलणे हाच उपाय. अशा गावातल्या शाळेत, अंगणवाडीत केवळ पिण्यापुरते हवेतले पाणी देणे, सौरऊर्जा असेल तर, विचार करण्याजोगे आहे.

पण हवेत जे असते ते पाण्यात येते. धूळ, बुरशीचे बीजाणू, वाहनांच्या धुरातले वायू, गोठ्याजवळचा अमोनिया यांतले काही ना काही थेंबात विरघळतेच. म्हणून चांगल्या यंत्रात हवेचा गाळक, मग कार्बन, मग अतिनील किरण किंवा ओझोन अशी साखळी असते. गाळक वेळेवर बदलला नाही, टाकी धुतली नाही की आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतूंची वसाहत होते. या पाण्यात क्लोरीन नसल्याने साठवणीत त्याला संरक्षण नसते. क्षारांविना असलेले पाणी थोडे आम्लधर्मी आणि 'भुकेले' असते, नळीतला, टाकीतला धातू विरघळवते. त्यामुळे पितळ, तांबे किंवा जुन्या लोखंडी टाकीत ते साठवू नये. कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात नसते, म्हणून बऱ्याच यंत्रांत शेवटी खनिजांची कांडी असते. आहार चौरस असेल तर एवढ्याने कुणी आजारी पडत नाही, कारण कॅल्शियम मुख्यतः दूध, नाचणी, भाज्यांतून मिळते. पण जिथे आहारच तोकडा आहे तिथे खनिजांची कांडी वगळून चालणार नाही.

यंत्र घ्यायचेच असेल तर विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागाव्यात : आपल्या जिल्ह्याच्या मे महिन्याच्या तापमान-आर्द्रतेला किती लिटर निघतील, लिटरमागे वीज किती लागेल आणि वर्षाचा गाळकांचा खर्च किती येईल. पाण्याची तपासणी जिल्हा प्रयोगशाळेतून करून घ्यावी, विक्रेत्याच्या अहवालावर राहू नये.

या सगळ्यात एक जुनी, रुचिहीन वाटणारी तुलना राहून जाते. पाऊस हेही हवेतलेच पाणी आहे आणि ते थंड करण्याचा खर्च निसर्गाने केलेला आहे. मराठवाड्यात ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ५०० चौरस फुटांच्या स्वच्छ पत्र्यावरून, गळती-वाया वजा जाता, २५,००० लिटरच्या वर पाणी उतरते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ३५ लिटर लागतात. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचे ते साडेआठ हजार लिटर होतात. तेवढी झाकणबंद टाकी, पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडायची तोटी आणि क्लोरीनचे द्रावण एवढ्यात फ्लोराइडमुक्त पाण्याची सोय होते. टाकीला पैसे लागतात, पण एकदाच. यात नवे, चकचकीत काही नाही, म्हणून त्याची जाहिरात येत नाही.

एसीचे पाणी

शेवटी, घरोघरी फुकट मिळणाऱ्या हवेतल्या पाण्याविषयी. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज टाकतो. ते बादलीत धरून झाडांना घालायला, लादी पुसायला, गाडी धुवायला उत्तम. प्यायला नाही. कॉइलवर महिनोन्महिन्यांची धूळ आणि बुरशी असते, तांब्या-ॲल्युमिनियमचे अंश उतरतात आणि गाळण्याची सोय काहीच नसते.

बादली मात्र झाकावी आणि रोजच्या रोज रिकामी करावी. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अगदी असेच स्वच्छ, साठलेले पाणी आवडते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. फ्रिजच्या मागे खाली एक छोटा ट्रे असतो, त्यातही असेच पाणी साठते. घरात डेंगीचा रुग्ण निघाल्यावर आरोग्य कर्मचारी तपासायला येतात तेव्हा अळ्या बऱ्याचदा याच ट्रेमध्ये सापडतात, आणि घरच्यांना तो ट्रे आहे हेच ठाऊक नसते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना त्याचीही आठवण ठेवावी.

एक गोष्ट हल्ली वाढली आहे, ती धोक्याची. 'हे डिस्टिल्ड वॉटरच आहे' असे समजून काही जण एसीचे पाणी घरच्या ऑक्सिजन यंत्राच्या बाटलीत, वाफारा घेण्याच्या नेब्युलायझरमध्ये किंवा झोपेत लावायच्या सीपॅप यंत्रात भरतात. पिण्याचे पाणी पोटात जाते, तिथे आम्ल असते. या यंत्रांतले पाणी बारीक तुषार होऊन थेट फुप्फुसात जाते. साठलेल्या पाण्यातले लिजिओनेला, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू आणि बुरशी याच वाटेने न्यूमोनिया करतात, आणि ही यंत्रे वापरणारी फुप्फुसे आधीच अशक्त असतात. नेब्युलायझरमध्ये औषधाच्या दुकानातले निर्जंतुक सलाइनच घालावे. ऑक्सिजनच्या बाटलीत निर्जंतुक पाणी वापरावे, ते नसेल तर उकळून गार केलेले, आणि ते रोज बदलून बाटली धुवून पूर्ण वाळवावी. सीपॅपच्या टाकीलाही हाच नियम.